खिडकीतला मळा : बाहेर बर्फ, आत मिरची



मागच्या महिन्यात कुंडीतल्या कढीपत्त्याबद्दल लिहिलं आणि त्यानंतर आलेल्या पत्रांत एकच प्रश्न पुन्हापुन्हा दिसला. विचारणारे बहुतेक आपल्याच इंदूर, वडोदरा, बेळगाव, हैदराबादकडचे. पण सध्याचा मुक्काम टोरांटो, एडिनबरा, बर्लिन, नाहीतर हेलसिंकी. कुणी शिकायला गेलंय, कुणी नोकरीला, कुणाचं तिथेच बिऱ्हाड झालंय. प्रश्न असा : "इथे वर्षातले सहा महिने थंडी. घरात मिरची येईल का?"

येते. चांगली येते. पण आपल्याकडे मिरची कशी लावतात ते डोक्यात ठेवून तिकडे लावली, तर हमखास फसते. परसदारी चार बिया फेकल्या आणि आपोआप झाड आलं, हे काम आपल्याकडे ऊन आणि हवा फुकटात करतात. तिकडे ते दोन्ही आपल्याला पुरवावं लागतं. म्हणून आज सगळं पायरीपायरीनं बघू.

आधी तिचा स्वभाव

मिरची मूळची अमेरिका खंडातली. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर ती गोव्याला उतरली आणि तिथून देशभर पसरली. आज गोव्याची खोला आणि हरमल, बेळगावच्या बाजूची ब्याडगी आणि संकेश्वरी, इंदूरजवळच्या निमाडातली लाल मिरची, हे सगळं आपल्याला पिढ्यान्‌पिढ्यांचं वाटतं. पण तीही आपल्या घराण्यांसारखीच, बाहेरून येऊन रुजलेली आहे. नव्या जागी रुजणं तिला जमतं. फक्त तिच्या दोन अटी असतात, ऊब आणि उजेड.

दुसरी गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. मिरची हे मुळात हंगामी झाड नाही. शेतकरी दर वर्षी नवं पीक घेतो, कारण त्याला ते परवडतं. पण कडाक्याची थंडी नसेल तर मिरचीचं झुडूप अनेक वर्षं जगतं आणि त्याचा बुंधा चक्क लाकडासारखा होतो. तिला मारतं ते दंव. एका रात्रीच्या दंवानं पानं उकडल्यासारखी काळी पडून लोंबतात आणि खेळ संपतो. म्हणजे थंड देशातही दंवापासून वाचवलं, तर तेच झाड पुढच्या वर्षी पुन्हा फळ देतं. याचा उपयोग पुढे सांगतो.

बियाणं : इथे घाई नको

सुट्टीला घरी आलात की आई किंवा आजी कागदाच्या पुडीत बी बांधून देते. "एवढंसं तर आहे, बॅगेत कुणाला कळणार?" असं म्हणते. तिला नम्रपणे नाही म्हणा. टोमॅटो आणि मिरची या दोन्ही पिकांवर पडणारा एक विषाणू गेल्या काही वर्षांत जगभर पसरला आणि तो बियांतूनही जातो. त्यामुळे अमेरिकेनं २०१९च्या नोव्हेंबरपासून मिरचीच्या बियांसाठी नियम कडक केले. युरोपीय संघातही त्याच वर्षाच्या डिसेंबरपासून बाहेरून येणाऱ्या बियांना रोगमुक्तीचं प्रमाणपत्र लागतं. इतर देशांचे नियम वेगवेगळे आहेत. त्या त्या देशाच्या कृषी खात्याच्या संकेतस्थळावर आधी पाहा. विद्यार्थी व्हिसावर असलेल्या मुलानं पुडीभर बियांसाठी विमानतळावर अडकून पडावं, एवढी ती मोलाची नाही.

शिवाय गरजही नाही. ज्वाला, भूत जोलोकिया अशा आपल्या जातींचं बी तिकडचे बियाणेवाले उघडपणे विकतात. घरात लावायला सडपातळ, लहान फळाची आणि लवकर येणारी जात निवडा. ज्वाला किंवा थाई प्रकारची छोटी मिरची उत्तम. मोठ्या फळांच्या जाती जागा मागतात, आणि भूत जोलोकियाला पेरणीपासून पहिलं पिकलेलं फळ यायला सहा महिने किंवा जास्तही लागतात. पहिल्याच वर्षी तिच्या वाटेला जाऊ नका.

दुकानातल्या हिरव्या मिरचीचं बी काढून लावावं का? शक्यतो नको. फळ हिरवं असताना आतलं बी कोवळं असतं, उगवण कमी होते. आणि ती मिरची संकरित असेल, तर तिच्या बियांपासून तसंच झाड येईल याचा भरवसा नाही.

पेरणी : हवा नव्हे, माती गरम हवी

घरात हीटर चालू आहे, खोलीत २० अंश आहे, मग बी का उगवत नाही? कारण बियांना खोलीच्या हवेशी देणंघेणं नसतं, ती मातीत असतात. खिडकीच्या कठड्यावर ठेवलेल्या ओल्या मातीचं तापमान रात्री खोलीपेक्षा बरंच खाली जातं. मिरचीच्या बियांना माती २५ ते ३० अंश हवी. तेवढी मिळाली तर ज्वालासारख्या जाती एक ते दोन आठवड्यांत वर येतात. माती १५ अंशांच्या आसपास राहिली तर बी नुसतं पडून राहतं आणि कुजतं.

उपाय दोन. रोपांसाठी मिळणारी विजेची गरम चटई घ्या, किंवा घरातली कायम कोमट असणारी जागा शोधा. जुन्या फ्रीजचा माथा, वायफायच्या डब्याजवळची फळी, रेडिएटरपासून हातभर लांबची जागा. थेट रेडिएटरवर ठेवू नका, माती भाजून निघते.

बी अर्धा ते एक सेंटिमीटर खोल पेरा. माती बागेतली आणू नका. तिच्यात किडे आणि त्यांची अंडी असतात, आणि कुंडीत ती दगडासारखी आवळते. कोकोपीट आणि परलाइटचं हलकं मिश्रण, किंवा रोपांसाठी तयार मिळणारी माती वापरा. वर पारदर्शक झाकण किंवा पिशवी घाला. पहिलं रोप वर आलं की झाकण काढा, नाहीतर बुरशी येऊन रोपं जमिनीलगत कोलमडतात.

पुढे झाड बाहेर अंगणात किंवा गॅलरीत न्यायचं असेल, तर तिकडच्या शेवटच्या दंवाच्या आठ ते दहा आठवडे आधी पेरा. टोरांटोकडे म्हणजे साधारण फेब्रुवारीअखेर ते मार्चचा पहिला आठवडा. पूर्णवेळ घरातच दिव्याखाली ठेवायचं असेल, तर केव्हाही पेरा.

उजेड : सगळं घोडं इथे अडतं

"खिडकी दक्षिणेकडची आहे, छान ऊन येतं" असं बरेच जण लिहितात. जरा आकडे पाहू. २१ डिसेंबरला इंदूरला दिवस साडेदहा तासांहून मोठा असतो आणि दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे ४४ अंश वर येतो. त्याच दिवशी टोरांटोला दिवस नऊ तासांहून थोडा लहान आणि सूर्य जेमतेम २३ अंश वर. एडिनबऱ्याला दिवस सात तासांचा, हेलसिंकीला सहा तासांहूनही कमी. त्यात ढग आणि त्यात दुहेरी काचेची खिडकी. आपल्या डोळ्यांना खोली लख्ख वाटते, कारण डोळे जुळवून घेतात. झाडाला तसं जुळवून घेता येत नाही.

उजेड कमी पडला की रोप काय करतं ते ओळखा : देठ लांब, बारीक, फिकट, पानांमध्ये मोठं अंतर, सगळं अंग काचेकडे झुकलेलं. घरातले म्हणतात, "किती भराभर वाढतंय बघा!" ते वाढत नसतं, उजेड शोधत धावत असतं. असं रोप पुढे फळांचा भार पेलत नाही.

म्हणून नोव्हेंबर ते मार्च दिवा हवाच. फार महागडा नको. पांढऱ्या प्रकाशाचा, झाडांसाठी बनवलेला एलईडी दिवा दोन-तीन कुंड्यांना पुरतो. जांभळा उजेड लागतोच असं नाही. पांढऱ्याखाली झाडही छान वाढतं आणि पानावर कीड पडली तर दिसतेही. दिवा रोपांच्या शेंड्यापासून २० ते ३० सेंटिमीटर वर ठेवा आणि झाड वाढेल तसा वर सरकवत न्या. रोज १४ ते १६ तास उजेड, उरलेला वेळ अंधार. साधा टायमर लावला की विसरायला मोकळे. खोली दुसऱ्या कुणाबरोबर वाटून घेतली असेल, तर टायमर त्याच्या झोपेच्या वेळेनुसार लावा. मिरची टिकवायची तसे शेजारसंबंधही टिकवायचे.

विजेचा हिशेब सोपा आहे. ४० वॅटचा दिवा १६ तास म्हणजे दिवसाला ०.६४ युनिट, महिन्याला साधारण १९ युनिट. तुमच्या बिलावरच्या दरानं गुणून पाहा आणि मगच ठरवा.

कुंडी, पाणी, खत

रोपाला खरी पानं चार-पाच आली की छोट्या कुंडीत, आणि मुळं कुंडीभर पसरली की मोठ्या कुंडीत हलवा. ज्वालाला शेवटी दहा-बारा लिटरची कुंडी पुरते. एकदम मोठ्या कुंडीत इवलंसं रोप लावलं तर माती दिवसेंदिवस ओली राहते आणि मुळं सडतात.

घरातली मिरची तहानेनं मरते त्याहून जास्त वेळा लाडानं मरते. वरची माती बोटभर सुकू द्या. त्याहून सोपी खूण म्हणजे कुंडी उचलून पाहा. हलकी लागली तर पाणी, जड लागली तर उद्या पाहू. हिवाळ्यात नळाचं पाणी बर्फासारखं येतं, ते खोलीत काही वेळ ठेवून मगच घाला. बशीत साचलेलं पाणी ओतून टाका.

खत सुरुवातीला नकोच. महिन्याभरानं पातळ करून, पाकिटावर लिहिलंय त्याच्या निम्मं द्या. झाड हिरवंगार, डेरेदार, पण फूल एकही नाही अशी अवस्था असेल, तर नत्र जास्त होतंय. फुलं आली की पालाश जास्त असलेलं टोमॅटोचं खत चालतं.

फुलं येतात आणि गळतात

हे सगळ्यात जास्त विचारलं जातं. मिरचीचं फूल स्वतःच्याच परागानं फळतं, त्याला दुसरं झाड लागत नाही. पण पराग हलवायला वारा किंवा माशी लागते. बंद घरात दोन्ही नाहीत. दुपारी फांदीला हलकी टिचकी मारा, किंवा विजेवर चालणारा दात घासायचा ब्रश फुलामागच्या देठाला दोन सेकंद टेकवा. मऊ कुंचल्यानं फुलाच्या मध्यावर फिरवलं तरी चालतं.

दुसरं कारण तापमान. रात्री १३-१४ अंशांखाली गेलं किंवा दिवसा ३२-३३ च्या वर गेलं, की फुलं गळतात. काही घरांत रात्री हीटर बराच कमी करतात आणि काचेजवळ तर आणखी थंड असतं. रात्री कुंडी खिडकीपासून दोन हात आत घ्या.

आता हे ग्वाल्हेर, इंदूरच्या गच्चीवाल्यांनीही वाचावं. ग्वाल्हेरला जानेवारीत पारा पाच अंशांखाली उतरतो अशा रात्री येतात, आणि मग तुम्ही म्हणता, "मिरची रुसली, काहीतरी टॉनिक सांगा." टॉनिक नको. कुंडी भिंतीलगत घ्या, रात्री जुनी चादर टाका आणि फेब्रुवारीची वाट पाहा. कारण तेच आहे, थंडी. फक्त तुमच्याकडे ती महिनाभराची पाहुणी असते.

मावा आला

बंद, कोरडं, ऊबदार घर मिरचीला आवडतं तसं मावा आणि लाल कोळी यांनाही आवडतं. आणि बाहेर त्यांना खाणारे ढालकिडे असतात, ते घरात नसतात. म्हणून दर रविवारी पानं उलटून पाहायची सवय लावा. चिकट पानं आणि शेंड्यावर हिरवे ठिपके म्हणजे मावा. पानांवर बारीक पांढुरके ठिपके आणि खाली जाळं म्हणजे कोळी. झाड न्हाणीघरात नेऊन कोमट पाण्याच्या धारेनं पानांची खालची बाजू धुवा. मग एक लिटर पाण्यात चमचाभर सौम्य द्रवसाबण घालून फवारा, काही वेळानं साध्या पाण्यानं पुसा. दर चार-पाच दिवसांनी तीन-चार वेळा करा. एकदा करून थांबलात तर अंड्यांतून नवी पिढी येते. मातीवर चिलटं उडत असतील तर पाणी जास्त होतंय, एवढाच त्याचा अर्थ.

उन्हाळ्यात झाड बाहेर न्यायचं असेल, तर आठ-दहा दिवस सवय लावा. पहिल्या दिवशी तासभर सावलीत, मग हळूहळू उन्हात. थेट उन्हात ठेवलेलं घरातलं रोप दोन दिवसांत पांढरं पडतं. रात्री पारा १० ते १२ अंशांवर यायला लागला की परत आत. आणि आत घेण्यापूर्वी धुवून, तपासून.

डिसेंबरात घरी यायचं आहे, मग?

हा प्रश्न एका मुलीनं विचारला आणि मला वाटतं, सगळ्यात महत्त्वाचा तोच आहे. वर्षातून एकदाच, तेही डिसेंबरात, चार-सहा आठवडे भारतात यायचं. घरात लग्न असतं, आजीची तब्येत असते. तेवढ्यात कुंडीतलं झाड सुकून जातं आणि परतल्यावर पुन्हा पहिल्यापासून. दोनदा असं झालं की माणूस नाद सोडतो.

इथे मिरचीचा तो बारमाही स्वभाव कामाला येतो. निघण्याच्या दोन-तीन आठवडे आधी सगळ्या मिरच्या तोडा. मग झाड छाटा. अगदी जोरात, मुख्य खोड आणि दोन-तीन फांद्यांचे खुंट ठेवून हातभराचं झाड वीतभर करा. पानं जवळजवळ सगळी जातील, भिऊ नका. मग कुंडी १० ते १५ अंशांच्या जागी ठेवा : तळघर, थंड जिना, हीटर बंद असलेली खोली. दंव लागेल अशी जागा मात्र नको. अशा अवस्थेत झाड जवळजवळ झोपलेलं असतं. त्याला दिवा नको, खत नको, आणि पाणी दोन-तीन आठवड्यांतून एकदा, कपभर. तेवढं शेजारी आनंदानं करतो.

परत आलात की ऊब आणि उजेड द्या. काही आठवड्यांत त्या वाळक्या दिसणाऱ्या खुंटांतून हिरवे डोळे फुटतात. बियांपासून सुरुवात करणाऱ्यांच्या पुष्कळ आधी तुमच्या झाडाला फुलं येतात. सगळी झाडं जगतीलच असं नाही, म्हणून दोन कुंड्या ठेवा. नखानं साल किंचित खरवडून पाहा. खाली हिरवं असेल तर जीव आहे.

तोडताना आणि ठेचताना

मिरचीचा तिखटपणा बियांत असतो असं आपण म्हणतो. खरं म्हणजे तो तयार होतो बिया जिथे चिकटलेल्या असतात त्या पांढऱ्या गाभ्यात. बियांना तो तिथून लागतो. तिखट कमी हवं असेल तर तो गाभा काढा. या तिखट द्रव्यानं आपल्या अंगातलं उष्णता ओळखणारंच यंत्र जागं होतं, म्हणून जीभ 'भाजते'. त्या यंत्राचा शोध लावणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ साली नोबेल पारितोषिक विभागून मिळालं. हे द्रव्य पाण्यात विरघळत नाही. त्यामुळे तोंड भाजलं तर पाणी नव्हे, दूध किंवा दही घ्या. हाताला लागलं तर आधी तेल चोळा, मग साबण लावा. बाळाला किंवा डोळ्यांना हात लावण्याआधी हे कराच.

आणि ठेच्यासाठी मिरच्या तव्यावर भाजताना, बाहेर कितीही बर्फ असो, खिडकी उघडा. तिकडची धुराची घंटा आपल्या ठेच्याला ओळखत नाही.

मग हे सगळं परवडतं का?

पैशांत मोजाल तर पहिल्या वर्षी नाही. दिवा, चटई, कुंड्या, माती, वीज मिळून जेवढा खर्च होतो, तेवढ्यात तिकडच्या भारतीय दुकानातून वर्षभराच्या हिरव्या मिरच्या येतील. हे आधीच सांगितलेलं बरं, म्हणजे कुणी "स्वस्त पडतं" म्हणून सुरू करून निराश होणार नाही.

पण दुकानातल्या मिरचीला पिकून लाल होण्याची वाट कुणी पाहत नाही. तिला फूल आलेलं, पहिली इवलीशी शेंग फुलातून डोकावलेली कुणी पाहिलेली नसते. परदेशात वाढणाऱ्या आपल्या मुलांना मिरची म्हणजे प्लास्टिकच्या पिशवीतली हिरवी वस्तू वाटते. तेच मूल रोज शाळेतून येऊन "आज लाल झाली का?" म्हणून बघायला लागलं, की व्हिडिओ कॉलवर आजीशी बोलायला त्याच्याकडे स्वतःची एक बातमी असते. "कसा आहेस? जेवलास का?" याच्यापलीकडे दोघांचं बोलणं जातं. आजी सांगते, शेंडा खुड म्हणजे फांद्या फुटतील. मूल खुडतं. पुढच्या रविवारी दाखवतं. मला विचाराल, तर एवढ्यासाठी एका कुंडीची जागा द्यायला हरकत नाही.

तर सुरुवात लहान करा. एक जात, दोन कुंड्या, एक दिवा, एक टायमर. उगवलेल्या रोपांतलं सर्वांत ठेंगणं आणि जाड देठाचं रोप ठेवा. उंच दिसणाऱ्याच्या मोहात पडू नका. पेरल्याची तारीख कुंडीवर लिहून ठेवा आणि काय झालं ते आम्हाला कळवा, फोटोसकट.

पुढच्या महिन्यात : कोथिंबीर घरात का टिकत नाही, आणि तिच्याकडून थोडक्यात समाधान कसं मानावं.